कवळी

ग्रिम्सबीत, मासळीच्या गोदामांमागे
आमचं दातांचं दुकान. दुकान कसलं,
एक खोली, एक भट्टी, दोन स्टुलं.
डॉक्टर लोक तोंडाचे साचे पाठवतात,
आम्ही त्यात प्लास्टर ओततो, मेणात दात रोवतो
आणि शुक्रवारी डब्यांतून परत धाडतो,
डब्यावर नाव, नावाखाली छटेचा आकडा.

मार्चमध्ये कर्स्टी म्हणाली, "हिलरी, एक सांगायचं होतं."
माझ्या हातात कुणाची तरी वरची कवळी होती.
आधी ती खाली ठेवली,
मग कर्स्टीला मिठी मारली.
या दोहोंच्या मधे मी बोटांवर महिने मोजले.
तिने पाहिलं असावं.

कायदा वाचला, चष्मा लावून, दोनदा.
वर्षभर जागा तिची.
परत येणार ना, असं खोदून विचारायचं नाही.
पगाराचे पैसे सरकार परत करतं,
लहान धंदा म्हणून वर थोडे जास्तच.
हात परत करत नाही.
अकरा वर्षं माझ्या शेजारी बसून तयार झालेला हात,
मेण किती तापलंय हे न बघता ओळखणारा.
त्याचा फॉर्म नाही.

माझा डेरेक झाला तेव्हा विसाव्या दिवशी
मी याच टेबलाशी होते.
एप्रनवर दूध झिरपायचं, त्यावर प्लास्टरची पूड बसायची,
संध्याकाळपर्यंत छातीवर
दोन टणक चकत्या.
नवरा दात काढायचा. मीही काढायचे.
हे कर्स्टीला कधी सांगितलं नाही.
पण एका दुपारी, हिशेब जुळत नसताना,
मला मिळालं नाही ते हिला का, असं वाटलं.
दुपारभर वाटलं.
चहानंतर लाज वाटली.
हिशेब तरीही जुळला नाही.

एजन्सीपुढे दाताच्या कण्या केल्या
तेव्हा कुठे जुलैअखेर येवा आली, लिथुआनियाची.
तोवर लाउथचा डॉक्टर दुसरीकडे गेला होता,
दातावर मारायला पैसा नव्हता,
आणि एजन्सीला आगाऊ हवे होते.
बँकेतला माणूस म्हणाला, जरा खर्च आवरा.
दात कोरून कुणाचं पोट भरलंय, बाबा!

येवाचा हात चपळ. दात असे बसवते
की पट्टी लावून बघावी.
ऑक्टोबरात रेग टपलिन, गोदीतला म्हातारा,
रुमालात गुंडाळून कवळी घेऊन आला.
"ही माझी नाही. फार सरळ आहे."
कर्स्टी त्याचा खालचा एक दात
मुद्दाम किंचित तिरका ठेवायची.
त्याच्या आईचा तसा होता म्हणे.
कुठल्याच कार्डावर हे लिहिलेलं नव्हतं.
येवाने काही न बोलता तो दात उपटला,
तिरका धरला, रेगकडे पाहिलं:
"इतका? की अजून?"

फेब्रुवारीत कर्स्टी आली, दिवसभरासाठी.
मधेमधे असं येता येतं, कायद्यातच आहे.
काखेत मार्था, सहा महिन्यांची, नाकावर कफ.
कर्स्टीने स्वतःच्या स्टुलाकडे पाहिलं,
त्यावर येवाची उशी होती.
ती उभीच राहिली, मला विचारत राहिली
भट्टीचं, रेगचं, लाउथच्या डॉक्टरचं.
मी लाउथबद्दल खोटं बोलले.

पोरीने माझं बोट धरून तोंडात घातलं.
कवळी हिरडी, आणि खाली, मधोमध,
काहीतरी खरखरीत.
मी सवयीने छटांचं कार्ड काढलं.
कर्स्टी इतकी हसली की तिला टेकावं लागलं.
येवा हसली नाही. तिने फक्त
मार्थाच्या बाजूचा बर्नर लहान केला.

ऑगस्टमध्ये जागा कर्स्टीची.
कायदा आहे, आणि बरोबर आहे.
रोज रात्री दिवा मालवताना मी मोजते.
स्टुलं दोनच आहेत,
आणि एकावर मी बसते.